कृषिदूतांच्या वहीवर सही करण्यापूर्वी

खरिपाची पेरणी आटोपत आली की गावोगावी एकसारखे टी-शर्ट घातलेली, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली मुले-मुली दिसू लागतात. कृषी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाचे हे विद्यार्थी. मुलांना कृषिदूत म्हणतात, मुलींना कृषिकन्या. कोणी एखाद्या शेतकऱ्याच्या वाड्यात राहते, कोणी जवळच्या गावातून रोज ये-जा करते. ती चावडीवर गावाचा नकाशा काढतात, शाळेत झाडे लावतात, वावरात येऊन चार गोष्टी विचारतात. आणि मुक्काम हलवायच्या आधी सरपंचांकडे, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (म्हणजे आपल्या ग्रामसेवक भाऊसाहेबांकडे) आणि यजमान शेतकऱ्याकडे एक वही पुढे करतात. "काका, इथं फक्त सही पाहिजे."

आपण सही करतो. पोरे परगावची आहेत, गोड बोलतात, त्यांच्या शिक्षणाचा प्रश्न आहे. वहीत काय लिहिले आहे ते वाचायला चष्मा काढावा लागतो, आणि तेवढी सवड कोणाला असते?

या लेखात सांगायचे ते एवढेच की ती सही साधी नाही. मार्क देण्याचे काम प्राध्यापकांचे असले तरी ते मार्क ज्या कागदावर उभे राहतात, त्याचे साक्षीदार आपण आहोत. या मुलाला खरेच काही येते का, हे वर्गाबाहेर, मातीत पाहण्याची संधी चार वर्षांत मोजक्याच वेळा येते. त्यातली मोठी संधी आपल्या गावात येते, आणि आपण ती "फक्त सही"वर घालवतो.

मुले गावात येतात कशासाठी?

भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या रंधावा समितीने १९९२ साली शिफारस केली की कृषी पदवीच्या विद्यार्थ्याला गावात राहून, शेतकऱ्याबरोबर काम करून अनुभव मिळाला पाहिजे. त्यातून ग्रामीण कृषी कार्यानुभव हा कार्यक्रम आला. विद्यार्थी त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'रावे' म्हणतात. २०१५ साली देशपातळीवर 'स्टुडंट रेडी' नावाची योजना सुरू झाली, तेव्हा रावे तिचा भाग झाला. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या आपल्या चारही कृषी विद्यापीठांच्या महाविद्यालयांत, सरकारी असोत की खासगी, हा कार्यक्रम आहे.

परिषदेच्या पाचव्या अधिष्ठाता समितीच्या आराखड्यात रावे आणि कृषी-उद्योगातील अनुभव मिळून २० आठवडे आणि २० क्रेडिट ठेवले आहेत. क्रेडिट म्हणजे त्या विषयाचे निकालातले वजन. २० क्रेडिट म्हणजे जवळजवळ एका अख्ख्या सत्राचे वजन झाले. २० आठवड्यांपैकी ८ आठवडे गावासाठी आहेत. बाकीचा वेळ कृषी विज्ञान केंद्र किंवा संशोधन केंद्र, पीक चिकित्सालय, एखादा कृषी-उद्योग आणि शेवटी अहवाल व सादरीकरण यांत जातो. गावातल्या कामाची यादीही ठरलेली आहे. पीक लागवड, पीक संरक्षण, माती परीक्षण, फळे-भाजीपाला, प्रक्रिया व साठवण, जनावरे आणि विस्तार कार्य असे ते विषय आहेत. म्हणजे मुलगा आपल्या गावात फिरायला आलेला नसतो. त्याची परीक्षा चालू असते, फक्त पेपर वावरात आहे.

परीक्षा म्हणजे पीक कापणी प्रयोग

परीक्षा हा शब्द आला की आपण तो कॉलेजवाल्यांवर सोडून देतो. पण परीक्षा कशी चालते हे आपल्याइतके चांगले कोणाला कळणार? पीक कापणी प्रयोग आपण दरवर्षी पाहतो. मंडळातल्या सगळ्या वावरांतले सोयाबीन मोजणे शक्य नसते. म्हणून शेते निवडतात, शेतातला ठरावीक मापाचा प्लॉट निवडतात, तेवढाच कापून, मळून, वजन करतात आणि त्यावरून सगळ्या मंडळाचे उत्पन्न धरतात. पीक विम्याच्या भरपाईचा हिशेब त्यावर ठरतो. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच.

आता यात मेख कुठे आहे ते आपल्याला पाठ आहे. प्लॉट आकड्याने, चिठ्ठी टाकल्यासारखा निवडायचा असतो. विहिरीजवळचा हिरवागार तुकडा पाहून दोरी लावली तर मंडळाचे उत्पन्न फुगते आणि भरपाई बुडते. चिबडाचा कोपरा धरला तर उलटे होते. वजनकाटा बरोबर असून भागत नाही, शीत कुठले उचलले त्यावर सगळे अवलंबून आहे.

कॉलेजची परीक्षाही अशीच आहे. चार वर्षांत शिकवलेले सगळे तपासता येत नाही. दोन-तीन तासांच्या पेपरात मूठभर प्रश्न येतात आणि त्यावरून सगळ्या विषयाचा अंदाज बांधतात. मुलांनी मागच्या पाच वर्षांचे पेपर चाळून 'आयएमपी' काढले आणि तेवढेच घोकले, की झाला विहिरीजवळचा प्लॉट. मार्क फुगतात. त्या मुलाच्या बाकीच्या वावरात काय उगवले आहे ते कोणालाच कळत नाही.

रावेचेही तसेच आहे. वहीत चिकटवलेला फोटो हे एक शीत आहे. बॅनर बांधला, पाच शेतकरी उभे केले, बियाण्यावर हात फिरवला, फोटो काढला, बॅनर गुंडाळला. मागच्या खरिपात एका गावात असे बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक पाहिले. सगळे मिळून दहा मिनिटे लागली. एका म्हाताऱ्या बाबांनी विचारले, "बाई, आधी पावडर चोळायची का आधी जीवाणू?" मुलीने सरांकडे पाहिले. सर फोनवर होते. वहीत मात्र प्रात्यक्षिक झाल्याची नोंद आणि खाली चौघांच्या सह्या. त्या मुलीला काही येत नव्हते असे माझे म्हणणे नाही. येत असेलही. पण त्या दहा मिनिटांतून ते कळायला मार्ग नव्हता, आणि तरी चार माणसांनी कळले म्हणून सही दिली.

जसे माप तसा माल

दुधाचे उदाहरण घ्या. संकलन केंद्रावर नुसते लिटर मोजले असते तर काय झाले असते ते सांगायला नको. घागरीत पाणी पडले असते. म्हणून फॅट आणि एसएनएफ लावतात. गाईच्या दुधाला ३.५ आणि ८.५ चे माप ठेवले, तेव्हापासून शेतकरी पेंडीकडे, हिरव्या चाऱ्याकडे, जनावराच्या पोटाकडे पाहायला लागला. माप बदलले की माणसाची वागणूक बदलते.

शिक्षणातही हेच आहे. परीक्षेत जे मोजतात तेच मुले शिकतात. पाठांतर मोजले तर पाठांतर येते. वहीची जाडी मोजली तर वही जाड होते. फोटो मोजले तर फोटो वाढतात. करून दाखवणे मोजले, तरच मुले करायला शिकतात. यात मुलांचा दोष काढण्यात अर्थ नाही. ज्या मालाला भाव आहे तोच माल आपणही पिकवतो ना?

पदवीच्या इतर विषयांत मापाचा मोठा भाग लेखी आहे. थिअरी व प्रॅक्टिकल असलेल्या विषयाला पाचव्या समितीच्या आराखड्यात निम्मे गुण सत्राच्या शेवटच्या लेखी पेपरला आहेत. उरलेल्या निम्म्यात मधली चाचणी, असाइनमेंट आणि प्रात्यक्षिक बसवायचे, म्हणजे प्रात्यक्षिकाचा वाटा लहानच. ५० टक्के पडले की पास. १० पैकी ८ किंवा त्यावर सरासरी गेली की विशेष प्राविण्यासह पहिला वर्ग. रावेत मात्र लेखी पेपरचा जोर नाही. तिथे काम मोजायचे आहे. तिथेही कागदच मोजला, तर सगळ्या पदवीत काम मोजायचे ठिकाण कितीसे उरले?

हे दुखणे नवे नाही. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८-४९ साली, डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालच्या विद्यापीठ शिक्षण आयोगाने सांगितले होते की विद्यापीठ शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षांची सुचवावी लागेल. ग्रामीण विद्यापीठांची कल्पनाही याच आयोगाने मांडली होती. पुढे १९६० साली पंतनगरला देशातले पहिले कृषी विद्यापीठ निघाले आणि आपल्याकडे १९६८ ते १९७२ च्या दरम्यान चारही विद्यापीठे झाली. विद्यापीठे झाली, बियाण्यांचे वाण आले, पण परीक्षेचा प्रश्न पुरता सुटला असे म्हणता येत नाही.

माहीत असणे आणि करता येणे

डॉक्टरकीच्या शिक्षणात या गोष्टीचा फार विचार झाला आहे, कारण तिथे चूक झाली की माणूस दगावतो. जॉर्ज मिलर नावाच्या अमेरिकन वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञाने १९९० साली चार पायऱ्या मांडल्या. पहिली, माहीत आहे. दुसरी, कसे करायचे ते माहीत आहे. तिसरी, करून दाखवतो. चौथी, कोणी पाहत नसतानाही रोजच्या कामात तसेच करतो. लेखी परीक्षा पहिल्या दोन पायऱ्या तपासते. तिसरी पायरी तपासायला समोर उभे राहून पाहावे लागते. चौथीला तर महिनोन्महिने सोबत राहावे लागते.

फवारणीवर हे लावून पाहू. औषधाच्या डब्यावरच्या त्रिकोणाचे रंग विषारीपणाप्रमाणे असतात. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. हे ज्याला सांगता येते तो पहिल्या पायरीवर आहे. कोणत्या किडीला कोणते औषध, पाण्यात किती मिसळायचे, हे सांगितले की दुसरी पायरी. हातमोजे घालून, तोंडाला फडके बांधून, काठीने द्रावण ढवळून, वाऱ्याची दिशा पाहून फवारून दाखवले की तिसरी. आणि घाईच्या दिवसात, ऊन तापलेले असताना, मजूर "असू द्या हो साहेब" म्हणत असतानाही त्याला तसेच करायला लावले की चौथी.

पहिल्या आणि चौथ्या पायरीतले अंतर किती महागात पडते ते आपल्या राज्याने पाहिले आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० वर शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. वाऱ्याकडे तोंड करून फवारू नये, संरक्षक कपडे घालावेत, या गोष्टी पुस्तकात तेव्हाही होत्या, प्रश्नपत्रिकेतही येत होत्या. वावरापर्यंत त्या पोचल्या नाहीत.

आज गावात आलेला कृषिदूत उद्या कुठे असणार? कोणी सहायक कृषी अधिकारी होईल, म्हणजे कालपर्यंत ज्यांना आपण कृषी सहायक म्हणत होतो ते. कोणी कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावर बसेल आणि आपण कपाशीचे पान दाखवल्यावर कपाटातून बाटली काढून देईल. कोणी बँकेत, कोणी बियाणे कंपनीत जाईल. तेव्हा त्याचा सल्ला आपल्यालाच घ्यायचा आहे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आड भरलेला आहे की कोरडा, हे आत्ताच पाहून घेतलेले बरे.

सहीच्या आधी पाच कामे करून घ्या

स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ साली डॉक्टरांच्या परीक्षेची एक पद्धत मांडली. विद्यार्थ्याने एकेका टेबलापाशी जायचे, तिथे ठरलेले एक काम करून दाखवायचे, आणि परीक्षकाने आधीच तयार केलेल्या यादीवर खुणा करायच्या. सगळ्यांना तेच काम, तीच यादी. त्यामुळे गोड बोलणाऱ्याला जास्त आणि बुजऱ्याला कमी, असे होण्याला आळा बसतो. आपल्याला टेबले लागत नाहीत. वावर आहे. कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात पुढची पाच कामे कोणत्याही शेतकऱ्याला करून घेता येतील.

१. मातीचा नमुना. मुलाला म्हणावे, "बाळा, माझ्या वावरातून नमुना काढून दे." तो थेट धुऱ्याजवळ किंवा झाडाखाली खोदायला बसला तर समजून घ्या. नमुना नागमोडी चालत, आठ-दहा ठिकाणांहून घ्यायचा. वरचा काडीकचरा बाजूला करून इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा घ्यायचा आणि त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी तासायची. सगळी माती एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असे करत अर्धा किलो राखायची. शेणखताच्या ढिगाची जागा, पाणथळ जागा टाळायची. रासायनिक खताच्या रिकाम्या पिशवीत नमुना भरायचा नाही. वर एक प्रश्न विचारा, "परवाच खत टाकलं, चालेल का?" चालणार नाही, असे त्याने कारणासह सांगितले पाहिजे.

२. उगवणशक्ती. घरचे सोयाबीन घेऊन १०० दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायला सांगा. गुंडाळी सावलीत ठेवून, ओल टिकवून सहा-सात दिवसांनी मोजायचे. मुद्दा मोजणीत आहे. मोड अर्धवट, वाकडा किंवा कुजका असेल तर तो धरायचा नाही. ७० किंवा वर निरोगी कोंब आले तर बियाणे पेरण्याजोगे. मुलगा सातव्या दिवशी आपण होऊन मोजायला आला, तर निम्मी परीक्षा तिथेच पास झाली असे समजा.

३. बीजप्रक्रिया. क्रम विचारा आणि करून घ्या. आधी बुरशीनाशक, मग गरज असेल तर कीटकनाशक, सर्वांत शेवटी जीवाणू संवर्धन. उलटे केले तर औषधाने जीवाणू मरतात. सोयाबीनची साल नाजूक असते म्हणून रगडून चोळायचे नाही. बियाणे सावलीत सुकवायचे. मघाच्या बाबांचा प्रश्न हाच होता.

४. कामगंध सापळे. कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी सापळा लावून दिला म्हणजे काम झाले नाही. रोज किंवा एकाआड एक दिवस त्यातले पतंग कोण मोजते, ते पाहा. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले, किंवा शंभरात दहा फुले-बोंडे किडलेली दिसली, तर फवारणीचा विचार करायचा. मोजणीची वही मागा. सगळ्या दिवसांची नोंद एकाच पेनाने, एकाच बैठकीत केल्यासारखी दिसली तर विचारा.

५. फवारणीचे पाणी. एकराला किती पंप लागतात, हे तोंडी न विचारता मोजून दाखवायला सांगा. पंपात साधे पाणी भरायचे, मोजलेल्या तुकड्यावर नेहमीच्या चालीने फवारायचे, किती पाणी गेले ते पाहून एकराचा हिशेब करायचा. माणूस बदलला, नोझल बदलले की आकडा बदलतो, हे त्याला कळले पाहिजे.

पाचही कामांना मिळून दोन-तीन सकाळी लागतील. निंदणीच्या घाईत जमणार नाही, मधल्या उघडीपीत जमेल. आणि पाचपैकी तीन कामे नीट जमली, दोन चुकली, तरी तो मुलगा नापास नाही. पुढचा मुद्दा त्याचाच आहे.

चूक दाखवा, पण वेळेवर

पीक पाहणीचेही दोन प्रकार आहेत. एक, पीक उभे असताना आठवड्याला वावरात चक्कर मारणे. दुसरा, काढणीनंतर पोत्यांचे वजन करणे. वजन केल्याने कळते की उतारा किती आला, पण तेव्हा हातात काही राहत नाही. चक्कर मारताना पान पिवळे दिसले तर अजून इलाज असतो. शिकण्याचे मापही असे दोन वेळा घ्यावे लागते. शेवटचे माप निकालासाठी आणि मधले माप सुधारण्यासाठी. आपल्याकडे शेवटच्या मापाचा बोलबाला फार, मधले कोणी घेत नाही.

यजमान शेतकऱ्याच्या हातात नेमके हे मधले माप आहे. प्राध्यापक गावात अधूनमधून येतात. आपल्याला मुले रोज दिसतात. पहिल्या आठवड्यात मुलाने नमुना चुकीचा काढला तर तिथेच सांगा, "असं नाही, पुन्हा कर." दुसऱ्यांदा त्याला बरोबर जमले तर ते शिकणे झाले. आठव्या आठवड्यात सांगितले तर नुसता अपमान होतो.

बोलण्याची रीतही पाहिली पाहिजे. ही वीस-बावीस वर्षांची पोरे. बरीचशी शेतकऱ्यांचीच, काही शहरातली. चारचौघांत "कॉलेजात हेच शिकवलं का?" म्हणून हसलो तर ते पुढचे सात आठवडे तोंड उघडणार नाहीत. मुलींच्या बाबतीत अजून एक गोष्ट होते. त्यांना नकाशा, रांगोळी, महिला मेळावा एवढेच देतात आणि पंप, सापळा, जनावराचे लसीकरण मुलांकडे जाते. मग कृषिकन्येच्या वहीत सगळे असते आणि हाताला काहीच लागत नाही. तिची पदवी तीच आहे, तर कामही तेच घ्या.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. काही ठिकाणी मुलांना फुकटचे मजूर समजून दिवसभर निंदायला लावतात. थोडे निंदणे त्यांनी करावे, त्याशिवाय मजुराचे दुखणे कळत नाही. पण ती शिकायला आली आहेत, आणि त्यांना बाकीच्या विषयांचेही काम आहे. तसेच बाजारभाव का पडला, अनुदान का आले नाही, याचा जाब त्यांना विचारून उपयोग नाही. जे त्यांना शिकवले आहे तेच तपासावे. न शिकवलेले विचारून नापास करणे हीसुद्धा खोटी परीक्षाच.

सरपंच आणि ग्रामपंचायतीने काय करावे?

पहिले, मुले आली त्या आठवड्यात त्यांच्या कार्यक्रम अधिकाऱ्याचे नाव आणि फोन नंबर ग्रामपंचायतीत लिहून घ्यावा. कामाची यादी मागून फळ्यावर लावावी. मग कोणत्या आठवड्यात काय व्हायचे आहे ते गावाला कळेल आणि शेतकरी आपणहून येतील.

दुसरे, १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मुलांनी केलेल्या गावच्या पाहणीला पंधरा मिनिटे द्यावीत. विहिरी किती, बोअर किती, जनावरे किती, माती परीक्षण कोणी केले, हे त्यांनी मराठीत, आपल्याला कळेल अशा भाषेत सांगावे. आकडा चुकला तर गाव लगेच सांगेल. प्राध्यापकांपुढच्या सादरीकरणात ही तपासणी होऊच शकत नाही, कारण पाटलाच्या विहिरीला पाणी किती ते त्यांना माहीत नसते. पाहणीची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवून घ्यावी. पुढच्या वर्षीच्या मुलांनी तिथून पुढे जावे, दरवर्षी तोच नकाशा नव्या रांगोळीने काढू नये.

तिसरे, दाखल्यावर "काम समाधानकारक" एवढे छापील वाक्य असेल तर त्याखाली दोन ओळी हाताने लिहाव्यात. मुलाने काय करून दाखवले आणि काय राहिले. "चार शेतकऱ्यांच्या वावरातून मातीचे नमुने स्वतः काढले, अहवाल आणून समजावून सांगितला. फवारणीचे प्रात्यक्षिक झाले नाही." एवढे पुरे. यात कोणाचे वाटोळे होत नाही. प्राध्यापकाला मात्र मार्क द्यायला खरा आधार मिळतो. ज्या मुलाने घाम गाळला त्याचा आणि ज्याने फोटो काढले त्याचा दाखला सारखाच निघाला, तर पुढच्या वर्षी घाम कोण गाळणार?

चौथे, न झालेल्या कामावर सही करू नये. मुले विनवणी करतील, कधी सोबतचे सरही म्हणतील की तेवढे भागवून घ्या. शांतपणे सांगावे, "अजून दिवस आहेत, उद्या सकाळी वावरात या, करून दाखवा, मग देतो." बहुतेक मुले येतात. आली की मनापासून करतात, असाही अनुभव आहे. त्यांनाही कोणीतरी खरेच पाहावे असे वाटत असते.

कृषी महाविद्यालयांनीही आपल्या बाजूने थोडे करावे. वहीत सहीच्या जागेबरोबर शेतकऱ्याला विचारायचे चार साधे प्रश्न छापावेत. मुलाने काय करून दाखवले? तुमच्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर आणून दिले? काय चुकले? पुढच्या हंगामात त्याचा सल्ला घ्याल का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असेल, तर त्या मुलाच्या शिक्षणाचे याहून पक्के माप दुसरे मिळणार नाही.

यंदाही मुले येतील. वही पुढे करतील. सही जरूर द्या, त्यांच्या पाठीवर हातही ठेवा. फक्त त्याआधी एकदा म्हणा, "चल रे बाळा, चल ग पोरी, वावरात जाऊन दाखव."